समुपदेशकाच्या शिक्षणातील बालकाचे स्थान : कॅलिफोर्नियातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक चिकित्सा

१

विवाहविषयक सल्ला देण्याच्या व्यवसायास परवान्याची अट घालणारे अमेरिकेतील पहिले राज्य म्हणजे कॅलिफोर्निया होय. १९६३ मध्ये तेथे यासंबंधीचा कायदा झाला. परवानाधारकास त्या कायद्याने दिलेले नाव तिपेडी होते : विवाह, कुटुंब व बालक समुपदेशक. १९९९ मध्ये हे नाव पालटून ‘विवाह व कुटुंब चिकित्सक’ असे करण्यात आले. या नामांतरात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. ‘समुपदेशक’ या शब्दाच्या जागी ‘चिकित्सक’ हा शब्द आला आणि ‘बालक’ हा शब्द गळाला.

पहिल्या बदलाचा उलगडा होणे कठीण नाही. इतर राज्यांत रूढ झालेल्या नावाशी मेळ घालणे आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात या व्यवसायास बरोबरीचे स्थान मिळवून देणे हे दोन्ही हेतू त्यातून साध्य होत होते. दुसरा बदल मात्र अधिक विचार करावयास लावणारा आहे. नाव बदलले म्हणून मुलांवर उपचार करण्याचा परवानाधारकाचा अधिकार गेला नाही. तो पूर्वीप्रमाणेच कायम राहिला. तेव्हा केवळ नामांतरावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न असा की, नावातून गळालेले बालक शिक्षणक्रमात तरी आहे काय, आणि असल्यास कोणत्या रूपाने आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना या व्यवसायाच्या शिक्षणाचा इतिहास, त्याचा आजचा कायदेशीर साचा आणि त्या साच्याची मोजमापाची पद्धती या तिहींचा क्रमाने विचार करणे अवश्य आहे.

२

अमेरिकेतील विवाह-समुपदेशनाचा उगम विद्यापीठात झालेला नाही. पॉल पोपेनो यांनी १९३० मध्ये लॉस एंजेलिस येथे कौटुंबिक संबंधविषयक संस्था स्थापन केली. एमिली मड यांनी १९३२ मध्ये फिलाडेल्फियात विवाहविषयक केंद्र सुरू केले. अशा केंद्रांतून हा व्यवसाय आकारास आला. त्यांत काम करणारी माणसे वैद्यक, समाजकार्य, धर्मोपदेश, शिक्षण अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून आलेली होती, आणि समुपदेशन हा त्यांचा जोडव्यवसाय होता. १९४२ मध्ये अमेरिकन विवाह-समुपदेशकांची संघटना अस्तित्वात आली, तेव्हाही तिचे सभासद प्रथम वैद्य अथवा प्राध्यापक आणि नंतर समुपदेशक होते. जो व्यवसाय आपल्या माणसांना स्वतः शिकवून तयार करीत नाही, त्याला शिक्षणक्रमाची गरज भासत नाही. साहजिकच प्रारंभीच्या या काळात स्वतंत्र असा पदव्युत्तर अभ्यासक्रम निर्माण झाला नाही.

पोपेनो यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. त्यांची मूळ आवड खजुराच्या लागवडीची. पुढे ते आनुवंशिकतेकडे व तेथून सुप्रजननशास्त्राकडे वळले. १९१८ मध्ये रॉसवेल जॉन्सन यांच्या सहकार्याने त्यांनी उपयोजित सुप्रजननशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९२९ मध्ये ई. एस. गॉस्नी यांच्यासह निर्बीजीकरणाचा पुरस्कार करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘योग्य’ माणसांचे विवाह टिकावेत आणि त्यांना संतती व्हावी ही त्यांच्या विवाह-समुपदेशनामागील प्रेरणा होती. अर्थात् या पहिल्या टप्प्यात बालक हा विवाहाचा हेतू होता. त्याची संख्या व प्रत यांची चिंता वाहिली जात होती, पण ते स्वतः कधी समुपदेशकासमोर येऊन बसत नव्हते. विवाह टिकविण्याच्या कार्यात बालकाचे नाव सर्वांत पुढे घ्यावयाचे आणि त्याचे म्हणणे मात्र विचारावयाचे नाही, ही रीत येथूनच सुरू झालेली दिसते.

३

बालकाकडे प्रत्यक्ष लक्ष पुरविणारी परंपरा वेगळी होती. विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये शिकागोत बालगुन्हेगारांच्या मानसिक अभ्यासासाठी संस्था काढली आणि तेथून बाल-मार्गदर्शनाची चळवळ वाढली. १९२२ पासून कॉमनवेल्थ फंडाच्या साहाय्याने अनेक शहरांत प्रायोगिक चिकित्सालये उघडण्यात आली. या चिकित्सालयांत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता असे तिघे मिळून काम करीत. मूल एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत अशी त्यांची व्यवस्था असे. या पद्धतीचा गुण हा की, मुलाशी कसे बोलावे, त्याच्या खेळाचे निरीक्षण कसे करावे, चित्रांतून त्याचे मन कसे ओळखावे याचे पद्धतशीर शिक्षण तीत मिळत असे. तिचा दोषही उघड होता. मुलाचे दुःख ज्या घरात निर्माण झाले ते घर एकसंधपणे कोणाच्याच नजरेसमोर येत नसे.

कुटुंब-चिकित्सेचा उदय हा या दोषावरील उपाय होता. त्याची एक महत्त्वाची भूमी कॅलिफोर्नियातच होती. ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन, जे हेली व जॉन वीकलंड यांनी १९५६ मध्ये स्किझोफ्रेनियाविषयीचा आपला सुप्रसिद्ध लेख लिहिला. रुग्णाच्या विचित्र भाषणाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या मनात न शोधता घरातील परस्परविरोधी संदेशांत शोधला पाहिजे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. पालो आल्टो येथील जॅक्सन यांची संस्था, न्यूयॉर्कमधील नेथन ॲकरमन यांचे कार्य आणि १९६२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले ‘फॅमिली प्रोसेस’ हे नियतकालिक यांनी या विचारास स्थिर रूप दिले. साल्वादोर मिनूचिन हे १९६५ पासून फिलाडेल्फियाच्या बाल-मार्गदर्शन चिकित्सालयाचे संचालक होते. त्यांच्या काळात तेथे सारे कुटुंब एका खोलीत बसविण्याची पद्धत रूढ झाली.

शिक्षणाच्या दृष्टीने या काळाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे एकतर्फी आरसा होय. आरशाच्या मागे शिक्षक व सहाध्यायी बसत. समोर विद्यार्थी एका कुटुंबाशी बोलत असे. प्रसंगी दूरध्वनीवरून त्यास त्याच क्षणी सूचना दिली जाई. मनोविश्लेषणाच्या परंपरेत विद्यार्थी आपल्या कामाचा वृत्तांत शिक्षकास मागाहून सांगत असे, आणि त्यामुळे शिक्षकाला जे कळे ते विद्यार्थ्याच्या स्मृतीतून गाळून आलेले असे. आरशामुळे प्रथमच शिकविणाऱ्याला शिकणाऱ्याचे काम प्रत्यक्ष दिसू लागले. हेली व मिनूचिन यांनी तर फिलाडेल्फियात कोणतीही पदवी नसलेल्या, गरीब वस्त्यांतील माणसांना याच पद्धतीने शिकवून कुटुंबांबरोबर काम करण्यास तयार केले. हेली यांच्या १९७६ च्या ग्रंथातील शिक्षणविषयक विवेचनाचा रोखही हाच आहे. चिकित्सा करीत असताना, दुसऱ्याच्या नजरेसमोरच ती शिकावी लागते, हे त्याचे सार.

तथापि या नव्या पद्धतीतही बालकाचे स्थान अनिश्चित राहिले. मुलाला कुटुंबासह खोलीत आणण्यात आले खरे, परंतु संभाषण प्रौढांच्याच भाषेत चाले. ॲकरमन यांनी १९७० मध्ये ‘फॅमिली प्रोसेस’मध्ये मुलांच्या सहभागावर लिहिलेल्या लेखात याच उणिवेवर बोट ठेवले. मुलांशी अर्थपूर्ण देवघेव होत नसेल तर त्या उपचारास कुटुंब-चिकित्सा म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कुटुंब-चिकित्सक मुलांना उपचारातून वगळतात असे पुन्हा आढळले, आणि या वगळण्याचा संबंध चिकित्सकांना मुलांबाबत मिळालेल्या अपुऱ्या शिक्षणाशी असल्याचे दिसून आले. एतावता, बाल-मार्गदर्शनाच्या परंपरेने मुलाशी बोलण्याची विद्या कमावली होती, पण कुटुंब तिच्या दृष्टीबाहेर होते. कुटुंब-चिकित्सेने कुटुंब दृष्टीत आणले आणि ती विद्या मात्र वाटेत सांडली. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे खरे कार्य या दोहोंची सांगड घालण्याचे होते.

४

हे कार्य कॅलिफोर्नियातील अभ्यासक्रमाने कितपत केले? येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. त्या राज्यातील हा अभ्यासक्रम विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी जितका घडविला, त्याहून अधिक विधिमंडळाने घडविला आहे. परवान्यासाठी कोणते विषय आणि किती तास हवेत हे कायद्यातच नमूद असल्याने तो कायदा म्हणजेच अभ्यासक्रमाची मूळ संहिता होय. त्यामुळे तिचे परीक्षण एखाद्या ग्रंथासारखे, शब्दांकडे लक्ष देऊन करणे योग्य ठरते.

या संहितेत विषयांची भर प्रसंगाप्रसंगाने पडत गेलेली आहे. बालकांवरील अत्याचारांची माहिती देण्याचे बंधन घालणारा कायदा १९८० मध्ये झाला आणि या विषयाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले. २०१२ पूर्वी प्रवेश घेतलेल्यांच्या नियमांत त्यासाठी किमान ७ तास, मानवी लैंगिकतेसाठी १०, मद्य व मादक द्रव्यांच्या व्यसनासाठी १५ आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेसाठी १५ तास अशी मोजणी आढळते. पुढे २०२१ पासून आत्महत्येच्या धोक्याच्या परीक्षणासाठी ६ तास आणि २०२३ पासून दूरस्थ उपचारपद्धतीसाठी ३ तास यांची भर पडली. यांपैकी एकही विषय अनावश्यक नाही. प्रत्येकामागे कोणाचे तरी खरे दुःख आहे. पण समाजाला एखाद्या संकटाची जाणीव झाली की अभ्यासक्रमात तितक्या तासांचे एक दालन वाढवावयाचे, या रीतीने इमारत वाढते; तिला आराखडा प्राप्त होत नाही.

२००९ च्या दुरुस्तीने हा आराखडा देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे नमूद करणे न्याय्य होय. २०१२ च्या ऑगस्टपासून अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी पदवीचे सत्रीय श्रेयांक ४८ वरून ६० करण्यात आले. दारिद्र्य व सामाजिक स्थान यांचा मनावर होणारा परिणाम, निरनिराळ्या संस्कृतींची ओळख हे विषय एखाद्या सुट्या व्याख्यानापुरते न ठेवता सबंध अभ्यासक्रमात मुरवावेत, असे सांगण्यात आले. मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना विद्यार्थ्यांनी भेटावे, अशीही तरतूद झाली. रुग्णाला शिक्षकाच्या जागी बसविणारी ही तरतूद त्या संहितेतील सर्वांत उदार कल्पना म्हणावी लागेल.

परंतु याच दुरुस्तीतील प्रात्यक्षिकाचे कलम पाहावे. विद्यार्थ्याने पदवीपूर्वी किमान १५० तास प्रत्यक्ष समुपदेशन केले पाहिजे. आणि कोणाचे, तर ‘व्यक्ती, दांपत्ये, कुटुंबे अथवा गट’ यांचे. या चार पदांत बालक नाही. शिवाय त्यांना जोडणारे अव्यय ‘अथवा’ हे आहे, ‘आणि’ नव्हे. त्यामुळे १५० पैकी सर्व तास एकेकट्या प्रौढ व्यक्तींबरोबर घालविले तरी कलमाचे पालन होते. बालसंगोपन, पालकत्व, सावत्र पालकत्व, घटस्फोट व पुनर्विवाहित कुटुंबे हे विषय वर्गात शिकविले जातात, आणि बालकांवरील अत्याचार ओळखण्याचे शिक्षणही दिले जाते. म्हणजे अभ्यासक्रमात बालक आहे. पण ते संगोपनाचा विषय म्हणून किंवा धोक्याचे लक्षण म्हणून. ज्याच्याशी बोलावयास शिकले पाहिजे असा उपचारातील एक सहभागी म्हणून त्याला स्थान नाही.

५

पदवीनंतरच्या उमेदवारीचे नियम पाहिल्यास हाच निष्कर्ष अधिक दृढ होतो. परवान्यासाठी पर्यवेक्षणाखाली एकूण ३,००० तासांचा आणि किमान १०४ आठवड्यांचा अनुभव लागतो. त्यांपैकी किमान १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे असावे लागतात. या १,७५० पैकी किमान ५०० तास ‘दांपत्ये, कुटुंबे व बालके’ यांच्याबरोबरचे हवेत. म्हणजे ज्या परवान्याच्या नावातच विवाह व कुटुंब आहेत, त्याच्या एकूण अनुभवापैकी अवघा एक षष्ठांश भाग नावाशी सुसंगत असला म्हणजे पुरे. उरलेले १,२५० समुपदेशनाचे तास एकेकट्या प्रौढांबरोबर घालविण्यास मुभा आहे. या ५०० तासांतही तिहींसाठी एकच बेरीज आहे; मुलांसाठी निराळी किमान संख्या नाही. उमेदवाराने ते सर्व तास दांपत्यांबरोबर घालविले, तरी नियमभंग होत नाही.

राष्ट्रीय पातळीवरील मान्यता-आयोगाचे या शतकाच्या पहिल्या दशकातील निकष याच्याशी ताडून पाहावेत. त्यांनुसार विद्यार्थ्यास शिक्षणकाळातच ५०० तास समुपदेशन करावे लागे आणि त्यातील निम्मे, म्हणजे २५० तास, दांपत्य किंवा कुटुंब प्रत्यक्ष समोर असताना करावे लागत. तेही निकष पुढे सैल झाले आणि त्यांतही मुलांचा वेगळा हिशेब नव्हता; परंतु माणसे एकमेकांसमोर बसलेली असताना काम करणे ही स्वतंत्र विद्या आहे, एवढे तरी त्यांत मान्य केलेले होते.

असे का घडावे? यामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. अमेरिकेतील उपचारांचा खर्च पुष्कळ अंशी विम्यातून भागतो आणि विम्यासाठी निदान द्यावे लागते. हे निदान १९८० पासून प्रचलित झालेल्या निदानग्रंथाच्या साच्यानुसार एका व्यक्तीचे असते. दोन माणसांमधील बिघाडास त्या ग्रंथात स्थान असले तरी विम्याचे पैसे त्यावर सहसा मिळत नाहीत. त्यामुळे उमेदवार ज्या संस्थेत काम करतो तेथे कागदोपत्री एकटा रुग्णच येतो. शिवाय नोकरी, शाळा व प्रवास यांच्या वेळा सांभाळून सारे घर एका तासाला एकत्र आणणे कठीण असते. एकट्या प्रौढाची वेळ ठरविणे सोपे, त्याचा तास मोजणे सोपे आणि त्याचे पैसे मिळणेही सोपे. तास हेच एकदा मापन ठरले की, जे तास सहज मिळतात तेच शिक्षणाचे स्वरूप ठरवू लागतात.

येथे मूळ दोष स्पष्ट होतो. तो तास कमी असण्याचा नाही, माप चुकीचे निवडल्याचा आहे. तास हे उमेदवाराच्या श्रमाचे माप आहे. समोरच्या कुटुंबात काय घडले याचे नव्हे. आठ वर्षांचे मूल आईवडिलांच्या भांडणात गप्प बसून आहे, त्याच्या मौनाकडे उमेदवाराचे लक्ष गेले की नाही, हे तासांच्या कोष्टकात दिसू शकत नाही. ते एकतर्फी आरशातून दिसत होते. साप्ताहिक पर्यवेक्षणाची अट कायद्यात आहे. परंतु पर्यवेक्षकाने उमेदवाराचा वृत्तांत ऐकणे आणि त्याचे काम डोळ्यांनी पाहणे यांतील जे अंतर पहिल्या पिढीतील शिक्षकांनी ओळखले होते, त्याला तासांच्या हिशेबात पुरेसे मोल उरले नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. परवाना हा किमान पात्रतेचा दाखला आहे. मुलांबरोबर काम करू इच्छिणाऱ्याने पुढे विशेष शिक्षण घ्यावे. सर्वांवर ते लादण्याचे कारण काय? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. तथापि परवाना मिळताच मुलांवर उपचार करण्याचा पूर्ण अधिकार प्राप्त होतो, हे त्यात विसरले जाते. ज्या अधिकारासाठी विशेष शिक्षण ऐच्छिक आहे, तो अधिकार मात्र सर्वांना आहे. त्याच राज्यात २००९ च्या कायद्याने ‘व्यावसायिक चिकित्सा-समुपदेशक’ हा नवा परवाना निर्माण झाला. तो धारण करणाऱ्याला दांपत्ये व कुटुंबे यांवर उपचार करावयाचे असल्यास ६ श्रेयांकांचे जादा शिक्षण व ५०० तासांचा अनुभव अशी खास अट घालण्यात आली. म्हणजे कुटुंबाबरोबर काम करण्यास वेगळे शिक्षण हवे, हे तत्त्व विधिमंडळाने स्वतःच स्वीकारले आहे. ते बालकापर्यंत नेण्यास तत्त्वतः कोणतीच अडचण नाही.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ काल्पनिक नाही. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, ते सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या आणि आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन होते. आणि दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, संस्थेने बाल-मार्गदर्शन चिकित्सालय उघडले. म्हणजे अमेरिकेतील दोन परंपरांपैकी बालकाकडे पाहणारी परंपरा येथे प्रथम आली. विवाह-समुपदेशकाचे पद मात्र पुष्कळ नंतर, १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने आणि १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे सुरू झालेल्या कुटुंब न्यायालयांमुळे स्थिरावले. या न्यायालयांतील समुपदेशकासमोर पतिपत्नी येतात ते समेटासाठी किंवा विभक्त होण्यासाठी. पण मुलाचा ताबा कोणाकडे आणि भेट केव्हा हा प्रश्न त्यांच्या मागोमाग येतोच. त्या वेळी मुलाशी बोलण्याची विद्या ज्याने शिकलेली नाही, तो मुलाचे मत आईकडून किंवा वडिलांकडूनच ऐकणार. समुपदेशनाचे अभ्यासक्रम आखताना परदेशातील तासांचे कोष्टक जसेच्या तसे उचलण्याचा मोह विद्यापीठांना होणे स्वाभाविक आहे. त्या कोष्टकात कोणता रकाना नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

उपाय फार अवघड नाहीत. प्रात्यक्षिकाच्या तासांत दोन पिढ्या एकत्र उपस्थित असलेल्या बैठकींची वेगळी किमान संख्या ठेवता येईल. पर्यवेक्षणाचा काही भाग प्रत्यक्ष निरीक्षणातून अथवा ध्वनिचित्रमुद्रणातून व्हावा अशी अट घालता येईल. आरशाचे काम आज कॅमेरा अल्पखर्चात करू शकतो. अंतिम परीक्षेत लेखी उत्तरांबरोबर एका बैठकीचे मुद्रण तपासून उमेदवाराने मुलाला संभाषणात कसे सामील करून घेतले, याचे मूल्यमापन करता येईल. यांतील कोणतीही गोष्ट नवीन नाही. साऱ्यांची बीजे बाल-मार्गदर्शन चिकित्सालयांत आणि कुटुंब-चिकित्सेच्या पहिल्या पिढीच्या अध्यापनात सापडतात.

१९६३ चे तिपेडी नाव कदाचित विशेष विचार न करता ठेवलेले असेल. परंतु त्या नावाने शिक्षणावर एक ऋण लादले होते : विवाह, कुटुंब आणि बालक यांपैकी प्रत्येकाशी बोलता येईल अशी माणसे तयार करण्याचे. १९९९ मध्ये नाव बदलले. ऋण फिटलेले नव्हते. कॅलिफोर्नियातील पदव्युत्तर शिक्षणाने गेल्या साठ वर्षांत श्रेयांक वाढविले, विषय वाढविले आणि सामान्य जनतेस अशिक्षित सल्लागारांपासून काहीसे संरक्षण दिले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ज्याच्या हितासाठी विवाह सावरला पाहिजे असे सांगण्यात येते, त्या बालकाला समुपदेशकाच्या खोलीत बोलते करण्याची विद्या शिकविणे हे त्या शिक्षणाचे अपुरे राहिलेले काम आहे.